पुढे ओढलेली बाकी

नव्वद दिवस, रोजचे चाळीस. छत्तीसशे.
फ्रिजवर कागद चिकटवला तेव्हा
आकडा किती सुबक दिसत होता,
नव्या वहीतल्या पहिल्या पानावरच्या अक्षरासारखा.

मग व्हॅटचं रिटर्न आलं,
ओजसला गालगुंड झाले,
सित्र्याच्या गोदामात रंगाचे चारशे डबे कमी निघाले
आणि ते सापडेपर्यंत आठवडा गेला.
चाळीस खोडून मी अठ्ठेचाळीस लिहिले.
अठ्ठेचाळीस खोडून अठ्ठावन्न.
तीस दिवस उरले तेव्हा ऐंशी.

पंधरा वर्षं लोकांची खाती लिहिते मी,
उधारी कशी चढते ते मला कोणी शिकवू नये.
तरी प्रत्येक चुकलेला दिवस
इमानेइतबारे पुढच्याच्या नावे टाकत गेले
आणि पुढचा दिवस, बिचारा,
जन्माला येतानाच देणेकरी.

एका शुक्रवारी ऐंशी सोडवलेच.
गुदैबियाच्या गल्लीत, कराटेच्या क्लासखाली,
गाडी सुरू ठेवून, कारण बाहेर शेहेचाळीस डिग्री.
साठाव्यानंतर मी वाचतच नव्हते,
नुसती 'सी'वर खूण करत होते.
चौघांत तोच जरा प्रामाणिक दिसायचा.
एक्कावन्न चुकले.
ओजस दार उघडून आत बसला,
कमरेला पट्टा, पांढऱ्याचा पिवळा झालेला,
आणि मी म्हणाले, थांब, आधी बेरीज करू दे.
बेरीज संपली तेव्हा
पट्टा सोडून त्याने पिशवीत ठेवला होता.

रविवारी स्टोअरमधल्या जासिमला विचारलं,
तुझे पणजोबा मोत्यांसाठी समुद्रात उतरायचे ना,
दिवसाला किती बुड्या मारायचे?
वाटलं, काही शहाणपण हाती लागेल.
तो म्हणाला, ठाऊक नाही.
आमच्या घरात बुड्यांचा आकडा कोणी सांगत नाही,
कर्जाचा सांगतात.
हंगाम संपे, मोती विकले जात,
नाखुदाच्या वहीत बाकी पुढे ओढली जाई.
पणजोबांना ती वही वाचता येत नव्हती.
ते गेल्यावर ती आजोबांच्या नावे लागली.
मग त्याने पाच डबे प्रायमरच्या पावतीवर
माझी सही घेतली आणि चहाला गेला.

नाखुदा. आमच्या किनाऱ्यावर नाखवा म्हणतात.
मला माझी वही वाचता येत होती.
नाखुदाही मीच होते.

त्या रात्री फ्रिजवरचा कागद काढला.
तेवीसशे वीस प्रश्न, एका ओळीत,
बुडीत खाती.
हात अडखळला. कोणाचे पैसे नव्हते,
तरी सवय असते हाताला.

आता रोज बारा.
चुकला तर का चुकला ते लिहायचं, मराठीत:
घसारा आधी, विक्री मग, बाई गं.
प्रश्नात 'नाही' होतं. 'नाही' कुठे गेलं?
एका प्रश्नाला कधी अर्धा तास लागतो
आणि आतल्या कोणालातरी अजून लाज वाटते
की इतक्या वेळात पंधरा झाले असते.

बारातले सोडवते अकराच.
बारावा उघडते, वाचते, तसाच ठेवते,
आई भांड्याच्या तळाशी चमचाभर दही राखायची तसा.
ती बाकी नव्हे. विरजण.
सकाळी बसायला मग धमकी लागत नाही,
काहीतरी आधीच लागलेलं असतं.
काही दिवशी आंबटच निघतं, ते वेगळं.

एकोणीस दिवस आहेत.
आज ओजस लवकर खाली आला,
सातवा प्रश्न अर्ध्यावर होता,
एकत्रित ताळेबंद, उपकंपनी, साठ टक्के.
पेन्सिल पानात घालून वही मिटली.
पट्ट्याची गाठ कशी मारतात, मी विचारलं.
तो म्हणाला, इथे बसून नाही दाखवता येत.
मग उतरलो दोघं, त्या उन्हात.